‘एक नंबर, दादा!’ पुरे झाले, आता चूक सांगा

जयंती जवळ आली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वस्त्यावस्त्यांत तालमी सुरू होतात. कुठे समाजमंदिरात, कुठे विहाराच्या ओट्यावर, कुठे कुणाच्या तरी अंगणात. ढोलकी येते, पेटी येते, शाळकरी पोरी कोरसला येतात, कॉलेजची मुले नाटिका बसवतात, कुणी बॅनर रंगवतो, कुणी टेम्पो ठरवतो. एका रात्रीच्या दोन तासांच्या कार्यक्रमामागे तीस-चाळीस माणसांचे महिनाभराचे कष्ट असतात. मग कार्यक्रम होतो, फोटो निघतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ते पडतात आणि खाली ओळीने प्रतिक्रिया येतात : ‘एक नंबर, दादा!’, ‘जबरदस्त!’, ‘नाद खुळा!’, ‘क्रांतिकारी जय भीम!’ आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग.

आमचा प्रश्न एवढाच आहे की त्या चाळीस माणसांपैकी एकालाही कार्यक्रमात काही खटकले नव्हते का? खटकले असेल तर ते गेले कुठे?

ते कुठे जाते हे आम्हाला ठाऊक आहे. ते चहाच्या टपरीवर जाते. एसटीच्या मागच्या सीटवर जाते. ‘आपल्याला काय करायचंय, दादा नाराज होतील’ असे म्हणत घरी जाते आणि तिथेच मरते. पुढच्या वर्षी तीच चूक त्याच जागी पुन्हा होते. किंवा ते मरत नाही, आत साचत राहते आणि दोन-तीन वर्षांनी एका कलापथकाची दोन होतात. आपण म्हणतो की मतभेद झाले म्हणून पथक फुटले. आमचे म्हणणे उलटे आहे. मतभेद वेळेवर बोलता आले नाहीत म्हणून पथक फुटले.

हे आम्ही दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याच पथकाबद्दल लिहीत आहोत.

एका वर्षी आम्ही संविधानावर कार्यक्रम बसवला. गाणी, पोवाडा आणि शेवटी पाऊण तासाची नाटिका. दोन्ही तालुक्यांतली मिळून तीसेक माणसे होती. तालमी बारामतीत व्हायच्या, कारण लिहिणारे बारामतीचे, माईक बारामतीचा, जागा बारामतीची. इंदापूरकडची मुले-मुली भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी अशा वाटेवरच्या गावांतून एसटीने यायची. तालीम संपली की ‘कुणाला काही सुचवायचं आहे का?’ असे आम्ही अगदी लोकशाही पद्धतीने विचारायचो. पण ते विचारायचो तेव्हा शेवटची एसटी गाठायला ती पोरं उठलेली असायची. बसायचे कोण? बारामतीतले चारजण आणि ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते. बाया-मुली तर एकही नाही. आम्ही मात्र समाधानी होतो की आमच्याकडे सगळ्यांना बोलायची मोकळीक आहे.

एकदा कोरसमधली एक मुलगी एसटी सोडून थांबली. ती इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीतली, आई रोजंदारीवर जाणारी. ती म्हणाली, ‘‘नाटकातली बाई सगळं सोसती, रडती, आणि शेवटी तिला साहेब येऊन संविधान सांगतो. ती सवताहून काहीच का करत नाही? आमच्या वस्तीतल्या बाया अशा नाहीत.’’ आमच्यातल्या एका ज्येष्ठाने तिला विचारले, ‘‘ताई, तुझं वय किती? चळवळीत आम्ही तीस वर्षं घातलीत.’’ सगळे हसले. आम्हीही हसलो. ती पुढच्या तालमीला आली नाही. तिच्याबरोबर येणाऱ्या दोघीही आल्या नाहीत.

नंतर तोच कार्यक्रम हंगामाच्या दिवसांत आम्ही ऊसतोड मजुरांच्या तळावर केला. मराठवाड्यातून आलेली माणसे, पाचटाच्या कोप्या, दिवसभर कोयता चालवून आलेल्या बाया. गाण्यांना त्या बसल्या. पोवाड्याला बसल्या. नाटिका सुरू झाली आणि ‘ती बाई’ रडायला लागली, तशा एकेक उठून गेल्या. जाताना एकजण ओळखीच्या कार्यकर्तीला म्हणाली, ‘‘रडायला व्हय इथं बसायचं?’’ जी चूक आम्हाला तालमीत फुकट सांगितली जात होती, ती आम्ही भरलेल्या मांडवात विकत घेतली. वर तीन चांगल्या गाणाऱ्या मुली गमावल्या.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीचा विचार करत आलो आहोत. असे का होते? आम्ही सारे समतेची गाणी गातो, मग आमच्या तालमीत समता का नाही?

याचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. जातव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ मध्येच ‘जातीचा विनाश’ या ग्रंथात मांडले. आपण हे वाक्य भाषणात वापरतो. जरा आपल्या पथकाला लावून पाहू. लिहिणारा वेगळा, गाणारा वेगळा, ढोलकी वाजवणारा वेगळा, सामान उचलणारा वेगळा. इथपर्यंत ती श्रमाची विभागणी आहे आणि ती असायलाच हवी. पण सामान उचलणाऱ्याने संहितेबद्दल बोलायचे नाही, कोरसच्या मुलीने पोवाड्याबद्दल बोलायचे नाही, ढोलकीवाल्याने फक्त ठेका धरायचा, हे ज्या दिवशी ठरते त्या दिवशी ती श्रमिकांची विभागणी होते. ढोलकीवाला सगळ्या पथकात एकटाच असा असतो की जो प्रत्येक कार्यक्रमात लोकांच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो. लोक कुठे कंटाळले हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. आणि त्यालाच आपण कधी विचारत नाही.

दुसरी गोष्ट श्रेणीबद्ध विषमतेची. वरच्याने खालच्याला बोलायचे, खालच्याने त्याच्या खालच्याला बोलायचे, वर मात्र कुणी बोलायचे नाही, ही गावगाड्याची रीत आहे. आपण गाव सोडले, नावे बदलली, धम्म घेतला, पण ही रीत तालमीच्या खोलीत चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची राहून गेली. शाहीर गायकाला झापतो, गायक कोरसला झापतो, कोरसमधला मुलगा कोरसमधल्या मुलीला झापतो. वरून खाली जाते ती समीक्षा नव्हे, ते नुसते झापणे असते. खालून वर जाते ती ‘गद्दारी’ ठरते.

या भागातल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभा आपण पाहिल्या आहेत. विषय वाचून पुरा व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळ्या उठतात, हात वर होतात आणि प्रश्न विचारायला उभा राहिलेला सभासद कडेला उभाच राहतो. त्यावर आपण टीका करतो, विनोद करतो. मग आपल्या कलापथकातले ‘एक नंबर, दादा!’ हे ‘मंजूर, मंजूर’पेक्षा वेगळे कसे?

आता आपल्या मुळाकडे जाऊ. एकमेकांच्या चुका कशा सांगायच्या आणि कशा ऐकायच्या हे शिकायला आपल्याला परदेशातल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांकडे जायची गरज नाही. ती परंपरा आपल्याच घरात आहे. तिचे नाव प्रवारणा.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या काळात आपल्या विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. शेवटच्या दिवशी खीरदान होते, फोटो निघतात. पण मूळ प्रवारणा काय होती? तीन महिने एकत्र राहिलेल्या भिक्खूंनी संघासमोर बसून प्रत्येकाने स्वतःच म्हणायचे की माझ्या वागण्यात तुम्ही काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर माझ्यावर अनुकंपा करून मला सांगा. विनयाप्रमाणे याची सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते, नवख्यापासून नाही. एका सुत्तात तर खुद्द तथागत संघाला विचारतात की माझ्या कायेत किंवा वाचेत तुम्हाला काही निंद्य दिसते का. ज्याच्यापुढे सारे हात जोडून उभे, तोच पहिल्यांदा विचारतो की माझे काय चुकले!

ज्येष्ठाने आधी का विचारायचे, हे तालीम घेतलेल्या कुणालाही कळेल. वरच्याने आधी स्वतःची चूक मागितली की खालच्याची भीती जाते. वरच्याने आधी दुसऱ्याच्या चुका काढल्या की खालच्याची वाचा जाते.

विनयाने दुसरी बाजूही सोडलेली नाही. चूक दाखवणाऱ्याने काय पाळावे हेही सांगितले आहे : योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, मृदूपणे बोलावे, समोरच्याच्या हिताचे बोलावे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. आणि बोलण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच कसोट्या लावल्या तर आपल्या ग्रुपवरची मध्यरात्रीची भांडणे एकाही कसोटीला उतरत नाहीत. वेळ चुकलेली असते, अर्धे ऐकीव असते, भाषा शिवराळ असते आणि हेतू सुधारण्याचा नसून उतरवण्याचा असतो. म्हणजे आपल्याकडे दोनच प्रकार उरले आहेत : तोंडावर आरती आणि पाठीमागे शिव्या. मधला रस्ता, जो बुद्धाचा आहे, तो ओस पडला आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघांची आठवण मुद्दाम काढली होती. भारताला संसदीय कामकाज नवे नाही, भिक्खू संघ म्हणजे संसदच होत्या, तिथे बसण्याचे नियम होते, ठराव मांडण्याचे नियम होते, गणपूर्ती होती, मतमोजणी होती, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. त्यांच्या मते ही पद्धत भारताने पुढे हरवली. आमच्या मते आपण ती रोज हरवतो आहोत, आपल्याच तालमीच्या खोलीत.

आणि संविधान तरी दुसरे काय आहे? आपण ते एका महामानवाची देणगी म्हणून गातो. त्यात चूक काही नाही, पण ते कसे घडले हे गात नाही. संविधान हे या देशातले सर्वांत मोठे सामूहिक लेखन आहे. त्याची पद्धत पाहिली की आपल्या तीस माणसांच्या पथकाने काय करावे हे आपोआप कळते.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी आधीचा कच्चा मसुदा केला होता, त्यावर समितीने काम केले. फेब्रुवारी १९४८ मध्ये ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे असलेला मसुदा तयार झाला. मग लगेच ‘मंजूर, मंजूर’ केले का? नाही. तो छापून देशापुढे ठेवला. सुमारे आठ महिने लोकांना तो वाचायला, त्यावर लिहायला मिळाला. आलेल्या सूचनांवर समिती पुन्हा बसली. मग नोव्हेंबर १९४८ पासून सभागृहात कलमवार चर्चा झाली. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ३१५ कलमांची ३९५ झाली.

या आकड्यांत आमच्या मते सगळा धडा आहे. लिहिणारे हात मोजके होते, तपासणारे डोळे शेकडो होते. तीस जणांनी मिळून एक ओळ लिहिता येत नाही, हे खरेच आहे. ओळ एकानेच लिहावी. पण ती कच्ची असतानाच तीस जणांनी वाचावी. आपण नेमके उलटे करतो. लिहिताना दहाजण मध्ये मध्ये बोलतात आणि लिहून झाल्यावर कुणालाच बोलू देत नाही.

त्या सभागृहात बाबासाहेबांच्या मसुद्यावर टीका कुणी केली? केवळ विरोधकांनी नाही. कोचीन भागातल्या पुलया समाजातून आलेल्या दाक्षायणी वेलायुधन या संविधान सभेतल्या एकमेव दलित महिला सदस्य. १९१२ चा त्यांचा जन्म, म्हणजे वय छत्तीस. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांनी उभे राहून मसुद्यावर टीका केली. सत्तेचे पुरेसे विकेंद्रीकरण यात नाही, असा त्यांचा रोख होता. त्या क्षणी त्यांना ‘ताई, तुझं वय किती?’ असे विचारणे म्हणजे काय झाले असते, याचा विचार आम्ही आमच्या तालमीतल्या त्या मुलीच्या संदर्भात बऱ्याचदा करतो. लाजेने मान खाली जाते.

नझीरुद्दीन अहमद या सदस्यांनी तर मसुदा समितीला ‘भरकटलेली समिती’ म्हणून हिणवले होते, कारण समिती स्वतःच मांडलेल्या दुरुस्त्या मागे घेऊन दुसऱ्या आणत होती. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा की, सदोष वाटलेली दुरुस्ती मागे घेऊन अधिक चांगली आणण्याचा प्रामाणिकपणा आणि धैर्य समितीने दाखवले नसते, तर तिने कर्तव्यात कसूर केली असती आणि प्रतिष्ठेची खोटी कल्पना बाळगली असती. ‘प्रतिष्ठेची खोटी कल्पना’ हे शब्द आपल्या प्रत्येक पथकाने तालमीच्या खोलीत लिहून लावावेत. एका कडव्यातला शब्द बदला म्हटले की आपली जी कानशिले तापतात, ती याच खोट्या प्रतिष्ठेमुळे.

त्याच भाषणात आणखी एक गोष्ट आहे. कामाचे श्रेय वाटताना त्यांनी बी. एन. राव यांचे नाव घेतले, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे घेतले, कर्मचाऱ्यांचे घेतले. आणि मग ज्यांनी सतत खुसपटे काढली त्यांची नावे घेतली : कामत, आपले विदर्भातले पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू. सगळ्यांनी पक्षशिस्तीपुढे मान तुकवली असती तर सभागृहाचे काम अगदी नीरस झाले असते, असे ते म्हणाले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, हेही सांगितले. आभार मानताना टीकाकाराचे नाव घेणारा एक तरी सूत्रसंचालक आपण पाहिला आहे का? आपल्याकडे आभाराची यादी मंडप डेकोरेटर्सपासून सुरू होते आणि देणगीदारांवर संपते.

इथे आमचे काही साथी एक हरकत घेतात आणि ती रास्त आहे. ते म्हणतात, बाबासाहेब काही सगळ्यांचे ऐकणारे नव्हते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ मध्ये अध्यक्षीय भाषणातला काही मजकूर गाळायला सांगितला, तेव्हा त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतः छापले. मग प्रत्येकाच्या सांगण्यावरून आम्ही आमचे गाणे का बदलावे?

अगदी बरोबर. पण पुढचे पाहा. गांधीजींनी त्या पुस्तकावर ‘हरिजन’मध्ये टीका केली. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका पुस्तकाला जोडून छापली आणि तिला आपले उत्तरही छापले. मंडळाबरोबरचा पत्रव्यवहारही वाचकांपुढे ठेवला. म्हणजे त्यांनी दबाव नाकारला, टीका नाकारली नाही. ‘हे गाळ, नाहीतर व्यासपीठ मिळणार नाही’ हा दबाव असतो. ‘हे मला पटले नाही, कारण असे आहे’ ही टीका असते. दबावाला वाकायचे नाही आणि टीकेला टाळायचे नाही. सूचना मानलीच पाहिजे असे नाही, पण तिला कारणासह उत्तर दिलेच पाहिजे. आमच्याकडे अनेकदा याच्या नेमके उलटे चालते. देणगी देणाऱ्या पुढाऱ्याने ‘ते कडवे जरा सौम्य करा’ म्हटले की आपण मुकाट करतो, आणि कोरसच्या मुलीने तेच कडवे नीट करा म्हटले की आपल्याला बाबासाहेबांचा स्वाभिमान आठवतो.

दुसरी हरकत वेळेची. ‘चर्चा करत बसलो तर कार्यक्रम कधी बसवणार?’ कामाशिवाय नुसता सल्ला देणाऱ्यांचा आम्हालाही कंटाळा आहे. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहात सांगितले होते की मसुदा समितीतल्या सातांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारले, कुणी परदेशी, कुणी दुसऱ्या कामात, कुणी आजारी, आणि शेवटी भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. आपल्या पथकांचीही हीच कहाणी असते. यादीत तीस नावे, तालमीला अकरा हजर. म्हणून आम्ही म्हणतो की अभिप्रायाचा हक्क आणि कामाची जबाबदारी बरोबरीने चालली पाहिजे. पण हेही लक्षात ठेवू की जो बोलू शकत नाही, तो हळूहळू यायचा बंद होतो. गैरहजेरी हाही एक अभिप्रायच असतो, फक्त तो ऐकायला आपल्याला फार उशीर होतो.

तिसरी हरकत, ‘बाहेरचे फायदा घेतील.’ जे बाहेरचे आहेत ते आपल्या फुटीचा फायदा घेतात, आपल्या दुरुस्तीचा नाही. शिवाय ज्या भाषणाचा आम्ही वारंवार उल्लेख केला, त्यातच बाबासाहेबांनी बजावले आहे की राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा ही अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. ही सूचना दिल्लीच्या राजकारणासाठी खरी आणि आपल्या कलापथकासाठी खोटी असे कसे होईल?

नुसती टीका करून थांबलो तर आमच्या लेखालाही अर्थ नाही. त्या वर्षानंतर आमच्या पथकात आम्ही काही गोष्टी सुरू केल्या. त्या सगळ्या नीट जमतात असा आमचा दावा नाही, पण जमल्या तेवढ्या सांगतो.

१. सूचना तालमीच्या शेवटी नाही, सुरुवातीला. शेवटची एसटी ज्यांना गाठायची आहे त्यांचे आधी ऐकायचे. आणि प्रत्येक तालीम बारामतीत नाही. एक बारामतीत, एक इंदापूरकडे. एवढ्या एका बदलाने आजवर गप्प असलेली माणसे बोलायला लागली.

२. ज्येष्ठाने आधी चूक मागायची, लहानाने आधी बोलायचे. लिहिणारा किंवा शाहीर सुरुवातीला विचारतो, ‘‘माझं कुठं चुकतंय?’’ आणि बोलायची सुरुवात सर्वांत नव्या माणसापासून होते. ज्येष्ठ शेवटी बोलतात. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे फक्त ‘दादा म्हणतात तेच’ एवढेच म्हणतात.

३. ‘मस्त’ आणि ‘बेकार’ या दोन शब्दांना बंदी. काय पाहिले, काय ऐकले, ते सांगायचे. ‘दुसरे कडवे लांबले, तिथे मागची माणसे बोलायला लागली’ असे सांगितले की त्याचे काही करता येते. ‘मजा नाही आली’ याचे काहीच करता येत नाही.

४. एक वही. प्रत्येक सूचना तीत लिहायची, मानली की नाही ते लिहायचे आणि नाही मानली तर कारण लिहायचे. सांगणाऱ्याचे नाव त्याची इच्छा असेल तरच. बऱ्याच सूचना आम्ही मानत नाही. पण वहीत कारण लिहायला बसलो की कधीकधी कळते, आपल्याकडे कारणच नाही, फक्त राग आहे.

५. शेवटचा शब्द कुणाचा हे आधीच जाहीर. संहितेबद्दल लेखकाचा, सुरांबद्दल गायकाचा, बसवण्याबद्दल दिग्दर्शकाचा. ऐकायचे सगळ्यांचे, ठरवायचे एकाने. कार्यक्रमाच्या आधी ठरावीक दिवशी वही बंद होते. त्यानंतर जे ठरले ते सगळ्यांचे.

६. चूक ग्रुपवर नाही, समोरासमोर. कौतुक मात्र ग्रुपवर नाव घेऊन करायचे. टेम्पोत सामान भरणाऱ्याचेही.

७. मांडवातल्या माणसांनाही विचारायचे. कार्यक्रम संपल्यावर दोघींनी वस्तीतल्या बायांमध्ये जाऊन बसायचे. ‘कसा झाला?’ असे विचारायचे नाही. त्याला ‘चांगला झाला’ एवढेच उत्तर मिळते. ‘कुठं कंटाळा आला?’ असे विचारायचे.

यात शास्त्र काही नाही आणि खर्च तर वहीच्या किमतीएवढा. पण एक गोष्ट लागते आणि ती अवघड आहे. वर बसलेल्याने खाली उतरून बसावे लागते. आम्हाला ती अजून नीट जमलेली नाही. मागच्याच तालमींत एका तरुणाने आमच्या गाण्याचा मुखडा जुनाट आहे म्हटल्यावर आमच्यापैकी एकजण तडक बाहेर निघून गेला. पण तो दहा मिनिटांनी चहा घेऊन परत आला आणि म्हणाला, ‘‘बरं, वहीत लिही.’’ या दहा मिनिटांना आम्ही प्रगती समजतो.

आमचे लोक जेव्हा पहिल्यांदा जलसे घेऊन निघाले, भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, तेव्हा समोर बसलेल्या माणसाला जागे करणे हाच त्यांचा हेतू होता. दुसऱ्याला जागे करणाऱ्याने स्वतः झोपून चालत नाही. आणि झोपेत असलेल्याला ‘एक नंबर, दादा!’ ही सगळ्यात गोड अंगाई आहे.

राहिली ती मुलगी. आम्ही दोनजण तिच्या वस्तीवर गेलो. माफी मागितली. तिची आई म्हणाली, ‘‘आता कशाला आला? तवा हसला व्हता ना?’’ त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलगी परत आलेली नाही. तिच्याच वस्तीतल्या पोरींना घेऊन ती आता स्वतः नाटिका बसवते असे कळले. आम्ही ती पाहायला जाणार आहोत, मागे बसणार आहोत, आणि संपल्यावर तिने विचारले तरच बोलणार आहोत.

येत्या आश्विन पौर्णिमेला आपापल्या विहारात खीरदान जरूर करा. पण त्याआधी तुमच्या पथकाला, मंडळाला, समितीला गोल करून बसवा. सर्वांत ज्येष्ठ असेल त्याने हात जोडावेत आणि म्हणावे, ‘‘माझं काय चुकलं, ते सांगा.’’

आणि मग खरोखर गप्प बसावे.

जय भीम!